तबकडी दिसली म्हणून लष्कराला कळवलं, तर पुढे त्या कागदाचं नेमकं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा होता. जानेवारी २०२५ मध्ये तुमचे काका रात्री कराडहून साताऱ्याला गाडीने येत होते, डाव्या हाताला एक मोठा नारिंगी दिवा बराच वेळ गाडीबरोबर धावत होता, मधेच गायब व्हायचा, परत यायचा, तर हे हवाई दलाला कळवायचं का. आणि त्यालाच जोडून दुसरा, की अमेरिकेत म्हणे लष्कराने लोकांच्या असल्या रिपोर्टांची वीस-बावीस वर्षं चौकशी केली आणि त्यातल्या ७०१ केसेस शेवटपर्यंत सुटल्या नाहीत, मग काहीतरी दडवलंय ना?

मी हवाई दलात फायटर कंट्रोलर होतो, म्हणजे रडारच्या स्कोपसमोर बसून कोण आपला कोण परका हे ठरवायचं आणि गरज पडली तर आपल्या विमानाला त्याच्यापर्यंत नेऊन पोचवायचं, असलं काम. एकवीस वर्षं केलं. रिटायर झाल्यावर पुण्यात दुर्बीण घेतली आणि आकाशदर्शनाच्या नादाला लागलो, तेव्हापासून 'काहीतरी दिसलं' म्हणून लोकांचे फोन येतात. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. काकांच्या दिव्याकडे शेवटी येतो, आधी दुसरा प्रश्न, कारण तो नीट कळला की पहिल्याचं उत्तर अर्धं होतं.

आपल्याला वाटतं चौकशी म्हणजे 'ते काय होतं' हे शोधणं. युनिफॉर्ममधल्या माणसाच्या डोक्यात तो प्रश्न नसतोच हो. त्याचा प्रश्न एवढाच, की हे आपल्यावर चालून येतंय का. सोसायटीच्या वॉचमनला रात्री कुंपणापाशी खसफस ऐकू आली, त्याने टॉर्च मारला, माणूस नाही एवढं बघितलं आणि परत येऊन खुर्चीत बसला. मांजर होतं का मुंगूस होतं हे तो वहीत लिहीत नाही, आणि सकाळी तुम्ही 'नक्की काय होतं' म्हणून विचारलंत तर वैतागतो. अमेरिकन हवाई दलाचं बावीस वर्षं नेमकं हेच झालं, फक्त सकाळी विचारणारे कोट्यवधी होते आणि त्यात खासदार पण होते.

सुरुवात सगळ्यांना माहितीये. २४ जून १९४७, केनेथ अर्नोल्ड नावाचा माणूस आपलं छोटं विमान घेऊन वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळून चालला होता, त्याला नऊ चकाकणाऱ्या वस्तू ओळीने वेगात जाताना दिसल्या. त्या कशा जात होत्या हे सांगताना तो म्हणाला की पाण्यावर बशी भिरकावली तर ती जशी टप्पे घेत जाते तशा. म्हणजे बशी हे चालीचं वर्णन होतं, आकाराचं नाही, पण पेपरवाल्यांनी 'उडती बशी' करून टाकली आणि गंमत बघा, त्यानंतर लोकांना खरोखरच बशीच्या आकाराच्या वस्तू दिसायला लागल्या! हे मी हसण्यावारी सांगत नाहीये, साक्षीदार ऐकताना हा मुद्दा सतत डोक्यात ठेवावा लागतो. माणूस खोटं बोलत नसतो, पण त्याने जे पाहिलं आणि त्याने जे शब्द आधी ऐकलेत त्यांची खिचडी झालेली असते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जनरल ट्वायनिंग यांनी वरती पत्र पाठवलं की हा प्रकार खरा आहे, नुसती कल्पना नाही, नीट चौकशी व्हावी. आता 'खरा आहे' याचा अर्थ परग्रहवासी असा नव्हता, भीती होती रशियाची. महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती, जर्मनांचे इंजिनिअर थोडे इकडे आले थोडे तिकडे गेले, तिकडच्यांनी काय बनवलं असेल कोणाला ठाऊक. म्हणून १९४८ च्या सुरुवातीला ओहायोत डेटनला राइट-पॅटरसन तळावर प्रोजेक्ट साइन सुरू झालं, १९४९ मध्ये त्याचं प्रोजेक्ट ग्रज झालं, आणि मार्च १९५२ पासून प्रोजेक्ट ब्लू बुक. ब्लू बुक हे नाव तिकडच्या कॉलेजात परीक्षेला निळी उत्तरपत्रिका देतात त्यावरून पडलं.

साइनच्या पहिल्याच महिन्यात एक वाईट प्रकार झाला आणि पुढच्या सगळ्या भांडणाचं बी तिथे आहे असं माझं मत. ७ जानेवारी १९४८ ला केंटकीत लोकांनी आणि पोलिसांनी आकाशात मोठी गोल वस्तू दिसते म्हणून कळवलं, कॅप्टन थॉमस मँटेल एफ-५१ हे लढाऊ विमान घेऊन तिच्या मागे वर वर चढत गेला, ऑक्सिजन नव्हता, वीस हजार फुटांच्या वर शुद्ध गेली असणार, विमान कोसळलं आणि तो गेला. आधी सांगितलं की तो शुक्राच्या मागे गेला. भर दुपारी! लोकांना ते पटेना आणि का पटावं? नंतर निघालं की ते बहुतेक स्कायहूक होतं, नौदलाचं प्रचंड मोठं उंचावरचं बलून, आणि ते तेव्हा गुप्त होतं. म्हणजे चौकशी करणाऱ्याला आपल्याच घरातलं गुपित माहिती नाही, तो बिचारा जे हाताशी आहे त्यातून उत्तर बनवतो, ते उत्तर चुकतं, आणि चुकलेलं उत्तर सरकारी शिक्क्याने छापलं जातं. पुढच्या वेळी तो खरं बोलला तरी कोण ऐकणार?

हेच पुढे यू-२ च्या बाबतीत झालं. ऑगस्ट १९५५ मध्ये ते टेहळणी विमान उडायला लागलं, साठ हजार फुटांच्या वर. तेव्हाची प्रवासी विमानं दहा-वीस हजारांवर, जमिनीवर संध्याकाळ झालेली पण इतक्या वर अजून ऊन, आणि सुरुवातीची यू-२ रंग न दिलेली, चंदेरी. खालच्या पायलटला डोक्यावर पेटल्यासारखं काहीतरी लखलखताना दिसायचं. रिपोर्ट यायचा, ब्लू बुकची माणसं गुपचूप यू-२ च्या उड्डाणांशी ताडून बघायची, जुळलं की केस मिटली, पण ज्याने पत्र लिहिलं त्याला खरं सांगता येत नाही. त्याला काहीतरी वातावरणातला प्रकार वगैरे सांगायचं. सीआयएच्याच इतिहासकाराने १९९७ मध्ये लिहिलं की पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून साठच्या दशकभरातले अर्ध्याहून जास्त रिपोर्ट असल्या टेहळणी विमानांचे होते. हा आकडा मला स्वतःला फुगवलेला वाटतो, कारण ब्लू बुकच्या फायलींत ग्रह, तारे, उल्का, बलून यांचीच गर्दी आहे, पण प्रकार झाला होता हे नक्की. तेव्हा 'दडवलं का' याचं उत्तर हो, दडवलं. स्वतःची विमानं दडवली.

आता माझ्या आवडीची केस, जुलै १९५२. वॉशिंग्टन शहर, विमानतळाच्या रडारवर १९ तारखेच्या रात्री बाराला वीस मिनिटं असताना सात ठिपके, कुठल्या फ्लाइट प्लॅनमध्ये नाहीत. टॉवरमधल्यांना दिवे दिसले, पलीकडे अँड्र्यूज तळावर दिसले, जेट आली ती पहाटे तीनच्या सुमारास कारण जवळच्या धावपट्टीची दुरुस्ती चालू होती म्हणून शेजारच्या डेलावेअरमधून बोलवावी लागली, आणि जेट पोचली की ठिपके गायब, जेट गेली की हजर. पुढच्या शनिवारी परत तेच. व्हाइट हाउसच्या वरची हवाई हद्द म्हटल्यावर पेपरांत काय झालं असेल विचार करा.

ब्लू बुकचा प्रमुख तेव्हा कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट, यूएफओ, म्हणजे ओळख न पटलेली उडती वस्तू, हा शब्द रुळवणारा हाच, आणि माझ्या मते त्या सगळ्यांतला सगळ्यात सरळ माणूस. तो योगायोगाने वॉशिंग्टनला पोचला आणि त्याला ही बातमी कळली कशी, तर पेपरच्या मथळ्यातून! बरं कळल्यावर म्हणाला थांबतो, चौकशी करतो, तर त्याला ऑफिसची गाडी मिळेना. सिटी बसने फिरा म्हणाले. टॅक्सी केलीत तर खर्च तुमचा. शेवटी कंटाळून डेटनला परत गेला. ज्यांनी सरकारी नोकरी केलीय त्यांना यात काही गुपित वगैरे दिसणार नाही, त्यांना टीए-डीएचा फॉर्म दिसेल. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या केसचा तपास अधिकारी बसच्या तिकिटावरून माघारी गेला. लोक म्हणतात यामागे मोठी यंत्रणा होती, मला तर यंत्रणाच दिसत नाही.

मग २९ जुलैला मेजर जनरल सॅमफर्ड यांनी पेंटागॉनमध्ये प्रेस घेतली, महायुद्धानंतरची सगळ्यात मोठी, आणि कारण दिलं तापमान व्युत्क्रमाचं, ज्याला आम्ही नुसतं इन्व्हर्जन म्हणतो. हे जरा सांगतो कारण इथे माझा हात बसलेला आहे. एरवी वर जावं तशी हवा थंड होत जाते. पण वारा पडलेला असेल, आकाश निरभ्र असेल, तर रात्री जमीन पटकन गार होते, तिला लागून असलेली हवा गार आणि तिच्या वरची गरम, असा उलटा थर तयार होतो. रडारचा बीम सरळ जायचा तो या थरात खाली वाकतो आणि लांबच्या जमिनीला जाऊन आपटतो. मग पन्नास-शंभर किलोमीटरवरची टेकडी, ट्रक, जहाज, जे एरवी दिसूच नये ते स्कोपवर ठिपका होऊन येतं. थर हलला की हा ठिपका विझतो आणि दुसरीकडे दुसरा पेटतो, आणि आपलं डोकं असं आहे की ते दोन ठिपके जोडून टाकतं आणि म्हणतं एकच वस्तू इथून तिथे गेली, ताशी सात हजार किलोमीटर वेगाने!

पोरगा होतो तेव्हा, राजस्थानात पोस्टिंग, डिसेंबरातली रात्र. स्कोपवर पश्चिमेकडून एकामागोमाग एक पाच ट्रॅक. हृदय तोंडात आलं माझं, एक हात फोनवर. शेजारी एक जुना सार्जंट होता, हरियाणाचा, त्याने वाकून बघितलं, अँटेना जराशी वर करायला लावली, ठिपके अर्धे झाले. तो चहाचा ग्लास घेऊन परत आपल्या जागेवर गेला आणि म्हणाला, 'साब, सूरज निकलने दो.' सकाळी नऊला स्कोप धुतल्यासारखा स्वच्छ.

पण म्हणून वॉशिंग्टनचं सगळं इन्व्हर्जनच होतं असं मी छातीठोक सांगणार नाही. तिथले कंट्रोलर पण नवखे नव्हते, हवामानाचे ठिपके कसे दिसतात हे त्यांना माहिती होतं आणि ते शेवटपर्यंत हे घन वस्तूचे ठिपके आहेत म्हणून अडून होते. मला जे वाटतं ते असं, की रडारवाल्याने टॉवरला फोन करून विचारलं अमुक दिशेला काही दिसतंय का, टॉवरवाल्याने तिकडे बघितलं, तिकडे एक तारा असतोच किंवा एखादी उल्का जाते, तो म्हणतो हो हो दिसतंय, आणि झालं, रडार आणि डोळा दोघांची साक्ष जुळली. दोन कच्चे पुरावे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले की पक्के वाटतात. ड्यूटी रूममध्ये रात्री दोनला हे कसं होतं ते मी पाहिलंय.

या प्रकरणाने खरी घाबरली ती सीआयए, आणि तबकड्यांना नाही. त्या दिवसांत फोन इतके आले की लाइनी जाम. त्यांच्या डोक्यात आलं की उद्या रशियाची बॉम्बर खरंच आली आणि त्याच वेळी हजारो लोक तबकडी तबकडी म्हणून फोन करत बसले तर? म्हणून जानेवारी १९५३ मध्ये कॅलटेक या विज्ञानसंस्थेचे रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांची समिती बसवली, लुइस अल्वारेझसारखा माणूस त्यात होता, पुढे नोबेल मिळालेला. चार दिवस बसले, निवडक केसेस बघितल्या आणि म्हणाले वस्तूंपासून धोका नाही, रिपोर्टांच्या गर्दीपासून आहे, लोकांचं कुतूहल कमी करा, शिक्षण द्या, भांडाफोड करा. त्याच वर्षी हवाई दलाचा २००-२ नंबरचा नियम आला. त्यात काय होतं, तर केस ओळखीची निघाली तरच तळावरच्या अधिकाऱ्याने पेपरला सांगायचं, नाही ओळखू आली तर गप्प बसून डेटनला पाठवायची. कागदावर अगदी शहाणपणाचा नियम आहे बघा, अर्धवट माहिती बाहेर जाऊ नये. पण गावातल्या माणसाला काय दिसतं? सोपी केस असली की साहेब बोलतो, अवघड असली की तोंड बंद. 'दडवतायत' ही समजूत कुणी पसरवायची गरजच नव्हती.

नागरिकाचा रिपोर्ट प्रत्यक्षात जायचा कसा ते सांगतो. जवळच्या तळावर एका अधिकाऱ्याकडे त्याच्या मूळ कामाच्या जोडीला ही पण जबाबदारी चिकटवलेली असायची. जोडीला चिकटवलेल्या कामाकडे माणूस कसं बघतो हे मी सांगायला नको. तो जाऊन बोलायचा किंवा नुसता फोन करायचा, आणि साक्षीदाराला एक लांबलचक छापील प्रश्नावली द्यायचा. प्रश्नावली मात्र उत्तम होती, मी आजही फोनवर जवळपास तेच विचारतो. त्यात एक प्रश्न असा: हात पूर्ण लांब करून धरलं तर ती वस्तू यातल्या कशाएवढी होती, आणि पुढे यादी, टाचणीचं डोकं, वाटाणा, मग चढत्या क्रमाने नाणी, बेसबॉल, ग्रेपफ्रूट, बास्केटबॉल. चित्र काढायला पण जागा.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, तर 'केवढी होती' म्हटल्यावर माणूस सांगतो 'एसटीएवढी'. एसटीएवढी म्हणजे कुठे? शंभर मीटरवरची एसटी का दहा किलोमीटरवरची? रिकाम्या आकाशात अंतर कळत नाही आणि अंतर कळलं नाही की आकार आणि वेग दोन्ही हवेत. फक्त कोन खरा. तुम्ही आज रात्री करून बघा, हात लांब करून चिमटीत एक वाटाणा धरा, अख्खा पौर्णिमेचा चंद्र त्याच्यामागे जातो, वर थोडी जागा उरते. सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही, सगळ्यांना वाटतं चंद्र झाकायला निदान लिंबू लागेल. आता ज्या माणसाला रोज दिसणाऱ्या चंद्राचा आकार सांगता येत नाही त्याने एका झटक्यात पाहिलेल्या वस्तूचा सांगितलेला आकार किती धरायचा?

तर ७०१. एकूण रिपोर्ट १२,६१८, त्यातले ७०१ 'अनोळखी' म्हणून राहिले, साडेपाच टक्क्यांच्या आसपास. पण यात एक हिशेबाची मेख आहे. खाती दोन नव्हती, तीन होती: ओळख पटली, माहिती अपुरी, आणि अनोळखी. माहिती अपुरी असलेली केस अनोळखीत धरायची नाही. त्यामुळे ७०१ हा आकडा न सुटलेल्या सगळ्या केसेसचा नाहीच, तो माहिती बऱ्यापैकी असूनही न सुटलेल्यांचा आहे. हे दोन्ही बाजूंचे लोक विसरतात. शिवाय ओळख पटलेल्यांत 'बहुधा बलून', 'कदाचित विमान' अशा पण भरपूर, आणि वरून टक्का खाली आणायचा दबाव असला की 'कदाचित'चं 'बहुधा' व्हायला किती वेळ लागतो.

तबकडीवाल्यांकडे एक खरंच चांगला मुद्दा आहे आणि तो झटकून टाकणाऱ्याला मी मानत नाही. बॅटेल या संस्थेने हवाई दलासाठी सुमारे ३,२०० केसेस पंच कार्डांवर घेऊन तपासल्या, १९५५ मध्ये ते जाहीर झालं. त्यात जितका रिपोर्ट चांगला तितकं अनोळखीचं प्रमाण जास्त निघालं, उत्तम दर्जाच्या केसेसमध्ये एक तृतीयांशाच्या आसपास आणि सगळ्यात भिकार केसेसमध्ये एक पंचमांशाहून कमी. नुसती गैरसमजांची रास असती तर उलटं व्हायला हवं होतं. माझं उत्तर असं की भिकार रिपोर्ट कशातही बसवता येतो, 'दिवा दिसला' म्हटलं की बलून म्हणा विमान म्हणा, पण तपशील जितके जास्त तितकी प्रत्येक स्पष्टीकरणात एखादी गोष्ट अडकतेच, कारण त्या तपशिलांतले दोन-चार चुकीचे असतात आणि कुठले ते कळत नाही. पण हे माझं उत्तर आहे, सिद्ध केलेलं नाही.

आणि झमोराची केस घ्या. २४ एप्रिल १९६४, न्यू मेक्सिकोत सोकोरो गाव, लॉनी झमोरा नावाचा पोलीस संध्याकाळी वेगात जाणाऱ्या गाडीचा पाठलाग करत होता, मोठा आवाज आणि ज्वाळा दिसली म्हणून पाठलाग सोडून तिकडे वळला. ओढ्यासारख्या खोलगट जागी पांढरी अंड्यासारखी वस्तू, शेजारी पांढऱ्या कपड्यांतल्या दोन आकृत्या, मग गर्जना करत ती वस्तू वर गेली. मागे जमिनीत चार खळगे आणि जळलेली झुडपं, दुसऱ्या पोलिसानेही येऊन पाहिली. ब्लू बुकचा तेव्हाचा प्रमुख मेजर क्विंटानिला, जो या प्रकारांवर काडीचा विश्वास ठेवणारा नव्हता, त्याने जवळच्या तळांवर काय उडत होतं, चंद्रावर उतरायच्या यानाच्या चाचण्या कुठे चालल्या होत्या, सगळं खणलं. काही मिळालं नाही. त्याने स्वतः लिहिलंय की आमच्याकडची सगळ्यात चांगली नोंद असलेली केस हीच. अनोळखी म्हणून ठेवली. यातून परग्रहवासी सिद्ध होत नाहीत, पण प्रामाणिक 'माहीत नाही' कसं दिसतं ते दिसतं.

याच क्विंटानिलाने दोन वर्षांनी माती खाल्ली. १७ एप्रिल १९६६, ओहायोत दोन डेप्युटींनी, म्हणजे तिथल्या पोलिसांनी, पहाटे एका प्रकाशाचा गाडीने पाठलाग केला, पार शेजारच्या पेनसिल्व्हेनियात शिरेपर्यंत, वाटेत दुसऱ्या गावचे पोलीस पण सामील झाले. पहिली चौकशी फोनवर, काही मिनिटांत. निकाल, आधी उपग्रह दिसला आणि मग शुक्र. शुक्र त्या वेळी पूर्वेला होता हे खरं आणि गाडी पूर्वेकडेच चालली होती, उत्तर बरोबर असूही शकतं. पण चार पोलिसांना नीट समोर न बसवता, आधी निकाल आणि मग प्रश्न, असं केलं की बरोबर उत्तर पण अपमानासारखं लागतं. त्यातल्या एका डेप्युटीची पुढे नोकरी गेली, संसार मोडला.

त्याच्या महिनाभर आधी मिशिगनमध्ये तर नाटकच झालं होतं. दलदलीवर दिवे, हिल्सडेल कॉलेजच्या होस्टेलवरून ८७ मुलींनी पाहिलेले. हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांना पाठवलं आणि दोन-तीन दिवसांत प्रेससमोर उभं केलं. त्यांनी जपून सांगितलं की तिथे दलदलीतला वायू पेटला असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या दिवशी देशभर व्यंगचित्रं. मिशिगनचे खासदार जेराल्ड फोर्ड, हो तेच पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले, त्यांनी काँग्रेसची, म्हणजे तिकडच्या संसदेची, सुनावणी मागितली आणि एप्रिलमध्ये ती झाली पण. हवाई दलाला कळून चुकलं की ही ब्याद गळ्यातून काढलीच पाहिजे. काम कोलोराडो युनिव्हर्सिटीच्या एडवर्ड कॉन्डन यांना दिलं, १९६९ च्या सुरुवातीला अहवाल आला की यातून विज्ञानाच्या हाताला काही लागलेलं नाही, आणि १७ डिसेंबर १९६९ ला ब्लू बुक बंद. फायली नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, कोणीही वाचू शकतो. हायनेक मात्र वीस वर्षं शंका घेऊन शेवटी उलट्या बाजूला गेले आणि स्वतःची अभ्याससंस्था काढली.

कॉन्डनच्या त्या जाडजूड अहवालात एक प्रकरण आहे जे मी नवीन मुलांना आवर्जून सांगतो. ३ मार्च १९६८ ला रशियाच्या झॉन्ड ४ मोहिमेचा तुकडा वातावरणात जळत अमेरिकेवरून गेला. काय होतं, कधी होतं, सगळं नक्की माहिती. बहुतेकांनी जळणारे तुकडे बरोबर सांगितले. पण काही जणांनी लिहिलं, सिगारसारखं यान, चौकोनी खिडक्यांची रांग, आत उजेड, पत्रे रिबिटने जोडलेले! एकीने लिहिलं की कुत्रा घाबरून कचऱ्याच्या डब्यांच्या मधे जाऊन कण्हत बसला. शेकडो किलोमीटरवरचे जळते तुकडे होते हो ते, रिबिट कुठून दिसणार? पण तीन दिवे एका ओळीत सारख्या वेगाने चालले की डोकं मधली अंधारी जागा भरून काढतं आणि तिला यान म्हणतं.

आपल्याकडे हुबेहूब हेच झालं, २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठच्या सुमारास. चिनी रॉकेटचा टप्पा जळत विदर्भावरून गेला आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग पडली. त्या रात्री माझा फोन गरम झाला. जळगावहून एक मास्तर, अत्यंत सज्जन माणूस, शपथेवर सांगत होते की विमान होतं, पेटलेलं, पुढच्या भागात खिडक्या दिसल्या. मी म्हटलं आवाज? म्हणाले नाही आला. विमान इतकं जवळ की खिडक्या दिसतात आणि आवाज नाही? तिकडे दोन मिनिटं शांतता. मग म्हणाले, 'पण खिडक्या दिसल्या हो.'

साक्षीदार म्हणून वर्दीतला माणूस जास्त भरवशाचा, हा पण भ्रमच. २०१२-१३ मध्ये लडाखला पँगाँग तलावाच्या भागात आपल्या सैन्याने ऑगस्ट ते फेब्रुवारी या काळात ३२९ वेळा अनोळखी दिवे नोंदवले, चिनी ड्रोन आहेत असा वहीम. शेवटी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲस्ट्रोफिजिक्सच्या लोकांनी ताडून सांगितलं, गुरू आणि शुक्र. हसू नका, चौदा हजार फुटांवर, कोरड्या स्वच्छ हवेत ग्रह काय पेटतात ते तिथे रात्र काढल्याशिवाय कळत नाही, आणि समोर चीन असताना दिवा दिसला तर नोंद करायचीच, नाही केली तर त्या जवानाची चूक. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळावर तसंच, रविवारी दुपारी काहीतरी उडताना दिसलं म्हणून विमानं थांबवली, हवाई दलाची राफेल गेली, काही सापडलं नाही, विषय संपला. ते काय होतं? हवाई दलासाठी उत्तर आहे: आता तिथे काही नाही.

आता काका. आपल्याकडे लोकांचे असे रिपोर्ट घेणारं ब्लू बुकसारखं टेबल निदान माझ्या नोकरीत तरी मी पाहिलं नाही, त्यामुळे हवाई दलाला पत्र लिहिलंत तर ते कुठल्यातरी ट्रेमध्ये झोपेल. ड्रोन वाटला, विमानतळाजवळ किंवा तळाजवळ काही दिसलं, तर पोलिसांना ११२ वर लगेच सांगायचं, तेव्हाच्या तेव्हा, वर्षाने नाही.

दिव्याबद्दल सांगायचं तर जानेवारी २०२५ मध्ये शुक्र संध्याकाळी पश्चिमेला होता, सूर्यापासून जवळपास जास्तीत जास्त लांब, आणि रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळायचा. कराडहून साताऱ्याला येताना पश्चिम डाव्या खिडकीत. खाली आलेला शुक्र नारिंगी दिसतो, गाडीबरोबर धावतो कारण तो इतका लांब आहे की तुम्ही तीस किलोमीटर गेलात तरी त्याची दिशा बदलत नाही, आणि मधे मधे डोंगर आला की विझतो. सगळं बसतंय. पण मला सगळं बसायला लागलं की क्विंटानिलाचा फोन आठवतो, म्हणून तीन गोष्टी काकांना विचारून सांगा आणि विचारताना शुक्राचं नाव काढू नका. किती वाजता पहिल्यांदा दिसला, घड्याळ बघितलं नसेल तर तेव्हा गाडी कुठे होती, उंब्रजच्या अलीकडे का पलीकडे. हात लांब करून धरला तर केवढा. आणि शेवटचा दिसला तेव्हा तो खाली गेला होता का वर. खाली म्हणाले तर मला फार काही विचारायचं नाही. वर गेला, डोक्यावरून उजवीकडे पार झाला म्हणाले, तर माझा शुक्र चुकला, मग काकांचा नंबर मला पाठवा, मी स्वतः बोलतो.